नाळेचं झाड

झाडाच्या कमरेला हिरवा पट्टा होता. सकाळी मळ्यावर जाताना नव्हता. मू से बसमधून उतरली तेव्हा एका हातात अंबाडीची जुडी, दुसऱ्या हातात मिरच्यांची पिशवी आणि गालात सुपारीचं खांड होतं, आणि समोर तो पट्टा. ओला, चकचकीत, आजाऱ्याच्या पोटाला फडकं गुंडाळावं तसा बुंध्याभोवती फिरवलेला. तिनं बोट लावून पाहिलं. बोट हिरवं झालं. लुंगीला पुसलं तर लुंगी हिरवी झाली. बस निघून गेली आणि ही तिथेच, कोणी रोवून ठेवल्यासारखी. पट्ट्याचा अर्थ तिला कोणी समजावून सांगायला नको होता. अक्षर येत नसलं म्हणून काय झालं, खुणा वाचतच तिनं जन्म काढला होता. कुठल्या पायवाटेत सुरुंग पेरलाय, कुठल्या झोपडीत मूल जन्मलंय, कुठल्या ओढ्याच्या वरच्या अंगाला जनावर मरून पडलंय. गेल्या उन्हाळ्यात पलीकडच्या गल्लीतल्या झाडांना असेच पट्टे आले होते आणि महिन्याभरात त्या गल्लीचं तोंड दात पाडलेल्या म्हातारीसारखं झालं होतं. तेव्हा ती म्हणाली होती, लोकांची झाडं, लोक बघतील. आता हे झाड तिचं होतं. तिचं म्हणजे नातीचं, सेर पॉचं. वर, दुसऱ्या बेचक्याच्या जरा वर, पानांच्या आड, गोळ्यांची एक नारिंगी बाटली मासे धरायच्या दोरीनं आवळून बांधलेली होती, आणि त्या बाटलीत नऊ वर्षांपूर्वी गळून पडलेली सेर पॉची नाळ होती. अख्ख्या सेंट पॉल शहरात हे दोघांनाच माहीत होतं, मू सेला आणि झाडाला.

नाळ गळाली की बांबूच्या नळकांड्यात घालायची आणि धडधाकट झाड बघून त्याला बांधायची. मग बाळाचा क्ला त्या झाडाच्या आश्रयानं राहतो. माणसाला सदतीस क्ला असतात, जिवासारखेच पण जिवापेक्षा उनाड; घाबरले, रुसले, वाट चुकले की माणूस बसल्या जागी सुकतो, म्हणून त्यांना एक ठाव लागतो. त्या झाडावर कोणी कुऱ्हाड घालत नाही. चुकून घातलीच तर घालणाऱ्यानं एक कोंबडी द्यायची, घरच्यांनी शिडीच्या पायरीवर भाताचा डाव आपटून क्लाला हाका मारायच्या, आणि तो घरात शिरल्याची साक्ष आतल्या माणसानं द्यायची. मू से सोडून आली त्या थी ब्ला गावातल्या शेंबड्या पोरालाही एवढं ठाऊक होतं. तिथे कुऱ्हाड घालणाऱ्याला तोंड असे, बाप असे, भांडायला अंगण असे. ह्या पट्टा मारणाऱ्याचं तोंड कोणी पाहिलंय? रंगाचा डबा घेऊन आला, फिरवला आणि गेला. मू से लाकडी जिना चढायला लागली. जिन्याच्या मध्यावर ती रोज थांबे, गुडघ्यासाठी. आज थांबलीच नाही, आणि वर पोचल्यावर छातीत ढोल वाजायला लागला तेव्हा तिला कळलं की आपण पळत आलो.

दाराच्या कडीला एक कागद अडकवलेला होता. आत सेर पॉ कोचावर आडवी पडली होती, पायाशी पांघरूण, हातात पेलाभर बर्फ. ती एकेक खडा तोंडात टाकत होती.

"हा कागद वाच," मू से म्हणाली.

सेर पॉनं आधी मनात वाचला. तिची कॅरेन भाषा घरापुरती होती, शिव्या आणि जेवणाचे पदार्थ पक्के, बाकी सगळं पातळ. "सोमवारी. झाड आजारी आहे. आत किडा आहे. सोमवारी गाडी इथे लावू नका."

"एवढा मोठा कागद आणि एवढंच?"

"बाकीचं तेच तेच आहे, फी." आजीला ती फी म्हणे आणि आईला मो, सगळ्या कॅरेन पोरांसारखं. "तो किडा आम्हाला शाळेत दाखवलाय. हिरवा असतो. चमकतो. सुंदर आहे."

"सुंदरच असणार. घर खाणारे सगळे सुंदरच असतात." मू सेनं जुडी खाली टाकली आणि नातीच्या कपाळाला हात लावला. हात तसाच राहिला. "हे कधीपासून?"

"सकाळपासून. घसा दुखतो. मो म्हणाली व्हायरस आहे, तीन दिवसांत जाईल."

सकाळपासून. पट्टाही आजचाच. मू सेनं तिच्या हातातला पेला काढून घेतला आणि बर्फ मोरीत ओतला. "मला बर्फानं बरं वाटतं," पोरगी कुरकुरली. "बरं वाटणं वेगळं आणि बरं होणं वेगळं," मू से म्हणाली आणि आलं ठेचायला बसली. आलं ठेचताना तिला तिचे हात दिसत होते, उजव्या तर्जनीवर हिरवा रंग अजून होता, आणि तो आल्यात उतरू नये म्हणून ती ते बोट वर धरून ठेचत होती, एखाद्या शहाणीसारखी.

बर्फाशी तिचं जुनं वैर होतं. ह्या पोरीच्या जन्माच्या दिवशी, फेब्रुवारीत, बाहेर थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठत होती, आणि दवाखान्यातली नर्स ओल्या बाळंतिणीसाठी बर्फाचं पाणी घेऊन आली. आणि सून, ख्री एह, ती घटाघटा प्यायली. थी ब्लामध्ये बाळंतीण सात दिवस शेकोटीला पाठ देऊन बसते, हळदीचं कढत पाणी पिते, वाऱ्याला दार बंद असतं. नाहीतर म्हातारपणी हाडांतून वारा वाहतो. मू सेनं तिथेच तोंड उघडलं होतं. ख्री एह म्हणाली होती, "मो, मला तहान लागलीय." एवढंच. पण तेवढ्याशा वाक्यात तिनं सासूला दाराबाहेर बसवलं होतं. सातव्या दिवशी नाळ गळाली तेव्हा ख्री एहनं ती कापसात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकली. तिचा बाप चर्चमधला वडीलधारा, तिच्या माहेरी असली खुळं कधीच नव्हती. मू सेनं डब्यात हात घातला, अंड्यांच्या टरफलांखालून तो कापूस काढला आणि काखेत दडवला. नळकांड्यासाठी बांबू कुठे मिळणार? दुकानात एक मिळाला, काचेच्या पेल्यात उभा, डुकराच्या शेपटीसारखा वळवलेला. त्याची तिला इतकी कीव आली की तिनं तो घेतलाच नाही. मग कपाटात तिच्याच गोळ्यांची बाटली होती, दवाखान्यानं दिलेली, रक्त उसळतं म्हणून. गोळ्या तिनं संडासात ओतल्या. तशाही ती खात नव्हती. त्यांनी रक्त पातळ होतं, आणि रक्त काही भात नव्हे की संपलं तर पुन्हा शिजवावं.

पण खरी चूक बाटलीची नव्हती. ती आता आलं ठेचता ठेचता चुकीकडे आली आणि मागे सरली, पुन्हा आली. चूक झाडाची होती. थी ब्लाच्या डोंगरात डोळे बांधून सोडली असती तरी साल हुंगून तिनं झाड सांगितलं असतं; कोणतं जुलाबाला, कोणतं विंचवाला, कोणतं नाळ बांधायच्या लायकीचं. पाच गावांच्या बायका तिला विचारायला येत. आणि इथे फेब्रुवारीत ती झाडांसमोर उभी राहिली तर सगळी झाडं उघडीनागडी, एकाच्या अंगावर पान नाही. जिवंत कोण आणि मेलेलं कोण, काही कळेना. जिथे सगळेच मेल्याचं सोंग घेतात तिथे खरा मेलेला कसा ओळखायचा? तिनं नखानं साल खरवडली. बुक्की मारून ऐकलं. कोणाला विचारणं तिच्या रक्तात नव्हतं, पातळ काय आणि घट्ट काय. शेवटी हे झाड तिनं घेतलं ते सालीवरच्या नक्षीमुळे. शंकरपाळ्यासारखे चौकोन, एकात एक गुंफलेले, हुबेहूब तिच्या आईच्या मागावरच्या कापडासारखे. तिला वाटलं, ह्या परक्या मुलखात हेच एक आपल्यातलं आहे. बर्फ ढकलणाऱ्या गाडीनं झाडाशी पुरुषभर उंच ढीग केला होता. त्या ढिगावर चढून, बर्फात गुडघ्यापर्यंत रुतून तिनं बाटली बांधली. वसंतात ढीग वितळला आणि बाटली आभाळात राहिली, कोणाच्याही हाताच्या बाहेर. तेव्हा ती स्वतःवर खूश झाली होती. आणि किडा तेव्हाच आत असेल, साल आणि लाकडाच्या मधे, सुंदर, चमकणारा, नक्षीच्या मागे बसून हसणारा.

संध्याकाळी ख्री एह कामावरून आली. ती दवाखान्यांत दुभाषी होती. कॅरेन म्हाताऱ्यांचं दुखणं इंग्रजीत आणि डॉक्टरांचं इंग्रजी कॅरेनमध्ये, दिवसभर हाच धंदा. तिनं पोरीच्या तोंडात काच धरली, आकडा बघितला, औषध दिलं, आणि अंबाडीची पानं खुडायला सासूसमोर बसली. मू सेला विचारायचं होतं एक, आणि तोंडातून आलं दुसरं.

"काय गं, तुमच्या डॉक्टरापुढे एखादी म्हातारी म्हणाली की माझा क्ला गेलाय, तर तू त्याला काय सांगतेस?"

"अशक्तपणा वाटतो म्हणून."

"आणि सदतीसच्या सदतीस गेले असतील तर?"

"मग फार अशक्तपणा वाटतो म्हणून."

"छान. म्हणजे म्हातारीनं अख्खा डोंगर सांगायचा आणि तू त्याला खडा दाखवायचास."

"मो, डॉक्टरला एका माणसामागे पंधरा मिनिटं असतात." ख्री एहनं देठ मोडला. "सरळ विचारा ना. काय झालंय?"

सरळ. मू सेनं सुपारी ह्या गालातून त्या गालात घेतली. सरळ सांगायचं म्हणजे डब्यात हात घातल्यापासून सांगायला हवं. अंड्यांच्या टरफलांसकट. नऊ वर्षं ज्या सुनेला ती बर्फाच्या पेल्यावरून टोमणे मारत आली, तिच्यापुढे म्हणायचं की मी तुझ्या पोरीचा जीव एका किडक्या झाडाला टांगला. "काही नाही," ती म्हणाली. "अंबाडी कोवळी आहे, जपून खुड. दवाखान्याचे कागद नव्हेत ते."

शनिवारी अंग जास्त तापलं. मू सेनं केरसुणीचा दांडा, पडद्याची काठी आणि पुसायच्या फडक्याची काठी एकापुढे एक बांधली आणि ते लोंबतं शस्त्र घेऊन झाडाखाली गेली. वर बाटली दिसत होती, पानांतून ऊन आलं की पेटल्यासारखी. काठी पोचायची, बाटलीला टेकायची आणि वाकायची. दोरी तिनं स्वतः आवळली होती. नवऱ्याची मासे धरायची दोरी, त्याच्या सामानातली एवढीच वस्तू तिनं समुद्रापलीकडे आणली होती, आणि गाठ त्यानंच शिकवलेली, ओढली की घट्ट होणारी. कुत्रा फिरवणारी एक गोरी बाई थांबली, हसली, काहीतरी म्हणाली. मू सेही हसली आणि काठी उन्हात वाळत घातल्यासारखी झाडाला टेकवून उभी राहिली. बाई जाईना. कुत्र्यानं झाडाला हुंगलं आणि तंगडी वर केली. मू सेनं मान वळवली. वर बघून बघून मानेची शीर आखडली होती आणि त्या आखडलेल्या मानेनं तिला एकाएकी दुसरं एक झाड दिसलं, जे बघून चाळीस वर्षं होऊन गेली होती. तिचं स्वतःचं. थी ब्लाच्या पाठच्या रानातलं, फणसाच्या जातीचं, बापानं बांधलेलं. शिपाई आले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. गाव जळालं त्याची धग नदीपलीकडे लागत होती, आणि सगळे आपापली घरं बघत होते तेव्हा ती रान बघत होती. रान पेटलेलं बघितलं आणि पोटात, बेंबीच्या मागे, कोणीतरी गाठ सोडल्यासारखं झालं. तेव्हापासून ती अशी होती. लोक म्हणत, मू सेची जीभ म्हणजे कोयता. जिला टेकायला जागा नाही ती धार लावत बसणार, दुसरं काय करणार? तीस-पस्तीस वर्षं तिला सलग झोप माहीत नव्हती. डोळा लागला की धुराचा वास. ह्या घरात आल्यावर पुढे कधीतरी झोप यायला लागली, धुराचा वास गेला, आणि ती स्वतःलाच हसत असे की इथल्या लोकांसारखी मीही फुगले आणि घोरायला लागले.

रविवारी ख्री एह चर्चला गेली, पोरीसाठी प्रार्थना सांगायला. मुलगा लर टॉ घरी होता, स्वयंपाकघराच्या टेबलाशी, पुढ्यात थंड झालेली पेज, एका हातात फोन. दुसरा हात टेबलावर पालथा पडला होता. त्याची बोटं आता सरळ होत नसत; मांसाच्या कारखान्यात सुरी धरून धरून ती सुरीच्या मुठीच्या आकाराची झाली होती. मू से त्या हाताकडे बघत राहिली. हा निर्वासितांच्या छावणीत जन्मला. छावणीच्या कुंपणाबाहेर रानात जायची बंदी होती, म्हणून त्याची नाळ कुंपणाच्या खांबाला बांधली. खांब म्हणजे मेलेलं लाकूड. नवरा म्हणाला होता, असू दे, पाऊस पडला की एखादा खांबही फुटतो. तो खांब फुटला नाही. पोरगा चांगला निघाला, कष्टाळू, कोणाचं वाईट न करणारा. पण जिथे लावलं तिथे उभा राहणारा, ना पान ना फूल. म्हणूनच तिला नातीसाठी झाड हवं होतं. जळालेलं नको, खांब नको. मुळं असलेलं झाड.

"लर टॉ," ती म्हणाली, "वर चढशील का रे एका ठिकाणी?"

"कुठे?"

त्यानं मान वर केली. डोळ्यांत झोप होती, नुसती झोप, तळापर्यंत. तिला दिसलं की हा हो म्हणेल. विचारणार नाही का, चढेल आणि त्या न उघडणाऱ्या बोटांनी फांदी धरेल.

"राहू दे. माळ्यावर. पेज गरम करून देऊ?"

"नको, मो. अशीच चालेल."

अशीच चालेल. मू से उठली, बसली, पुन्हा उठली. खिडकीशी गेली. झाड उभं होतं, पट्टा घालून, शाळेत निघालेल्या पोरासारखं निमूट. कोचावर सेर पॉ झोपेत पुटपुटत होती, इंग्रजीत. तिचा क्ला जर वाट चुकला तर हाक कोणत्या भाषेत मारायची, हा प्रश्न मू सेला पहिल्यांदाच पडला.

सोमवारी सकाळी गाड्या आल्या. एक लांब हाताची, त्या हाताच्या टोकाला माणूस उभा राहील असं टोपलं. दुसरी फांद्या चावून भुसा करणारी. ख्री एहनं पोरीसाठी घरून काम घेतलं होतं. कानाला यंत्र लावून स्वयंपाकघरात बसली होती आणि फोनवरच्या कोणा म्हातारीचं दुखणं इंग्रजीत घालत होती. मू सेनं भाताचा डाव उचलला. का उचलला ते तिला माहीत नव्हतं. हात रिकामा नको म्हणून. मग कोचाशी गेली.

"ऊठ. माझ्याबरोबर खाली चल. त्या लोकांशी बोलायचंय."

"मला ताप आहे, फी."

"म्हणूनच."

सेर पॉ पांघरूण ओढत निघाली. जिन्याच्या मध्यावर, रोजच्या थांबण्याच्या पायरीवर, मू सेनं तिला सगळं सांगितलं. आश्चर्य म्हणजे चार वाक्यांत झालं. नऊ वर्षं गिळलेली गोष्ट चार वाक्यांची होती.

"म्हणजे माझा तुकडा आहे वर?" सेर पॉचे डोळे मोठे झाले.

"तुकडा कधीच वाळला. तुझं घर आहे ते."

"मग त्यांनी ते तोडलं तर मी मरणार?"

"गप. मरायचं असतं तर मी तुला जिना उतरवला असता का?" पण तिचा आवाज तिला आवडला नाही. तो थी ब्लाच्या नदीकाठचा आवाज होता.

खाली टोपल्याशी एक दांडगा माणूस हातमोजे चढवत होता, तांबडी दाढी, दंडावर मासा गोंदलेला. मू से त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्याच्या छातीला तिचं डोकं लागत होतं. ती बोलली. झाड निवडल्यापासून बोलली. बर्फाचा ढीग, नाळ, सदतीस क्ला, तिच्या गावातला कुऱ्हाड घालणाऱ्याचा रिवाज. म्हणाली, तू पट्टा मारला नाहीस हे मला कळतं, तुझ्यावर राग नाही, पण आधी ती बाटली मला काढून दे आणि मग तुझं काम कर. सेर पॉनं त्याला दोन वाक्यांत काहीतरी सांगितलं.

"मी एवढं बोलले आणि तू एवढंच?"

"मी म्हटलं, वर आमचं औषध अडकलंय, आजीला ते हवंय."

"आईवर गेलीस," मू से म्हणाली.

माणसानं वर बघितलं, डोळ्यांवर हात धरला, आणि काही न विचारता टोपल्यात चढला. यंत्राचा हात उघडत उघडत वर गेला. चाकू चमकला. नवऱ्याची दोरी तुटली ते तिला खालूनही जाणवलं, बेंबीच्या मागे. तो खाली आला आणि त्यानं बाटली तिच्या हातात दिली नाही. आधी स्वतःच्या डोळ्यांसमोर धरली. बर्फाचं पाणी आत जाऊ नये म्हणून मू सेनं तेव्हा बाटलीवर चिकटपट्टीचे चार वेढे दिले होते. त्या वेढ्यांखाली छापील कागद पिवळा पडला होता, पण अक्षरं धड होती. त्यानं वाचलं आणि विचारलं.

"फी, तो विचारतोय मू से कोण आहे."

"त्याला माझं नाव कोणी सांगितलं?"

"बाटलीवर आहे." सेर पॉनं ती हातात घेतली. "मू से. रोज सकाळी एक गोळी, जेवणाबरोबर. खाली फेब्रुवारीची तारीख आहे." मग तिनं मान वर केली, आईसारखी. "तू गोळ्या खाल्ल्याच नाहीस?"

"पुन्हा वाच."

"मू से. रोज सकाळी..."

"नुसतं नाव वाच."

"मू से."

मू से झाडाकडे बघत राहिली. क्लाला वाचता येत नाही, हे तिला माहीत होतं. पण हा मुलूख चिठ्ठीवर चालतो. रक्ताच्या नळीवर चिठ्ठी, पेटीवर चिठ्ठी, जन्मल्या जन्मल्या पोराच्या पायाला चिठ्ठी, की आया बदलू नयेत. इथल्या झाडाला काय कळणार आत नाळ कोणाची. त्यानं चिठ्ठी बघितली असणार. चिठ्ठीवर ज्याचं नाव त्याला घरात घेतलं असणार. नऊ वर्षं. तिनं मागे बोटं मोजली, आणि ती झोप, धुराचा वास नसलेली पहिली झोप, मोजत मोजत नेमकी त्याच हिवाळ्यावर येऊन थांबली. त्याच वसंतात ती पहिल्यांदा मळ्यात अंबाडी लावायला गेली होती. तिला वाटत होतं आपण म्हाताऱ्या होऊन मऊ झालो. आपण तर राहायला गेलो होतो. हक्काच्या झाडावर, आपल्या नावानं, आणि आपल्याला पत्ताच नाही. हसू की काय ते तिच्या पोटातून वर आलं आणि सुपारीसकट अडकलं. पोरगी ह्या झाडावर नव्हतीच. पोरगी मोकळी होती. ताप तो नुसता ताप होता, ख्री एहच्या काचेतला. पट्टा तिच्या कमरेला नव्हता.

"त्याला सांग, तोड म्हणावं."

"आणि तू?" सेर पॉनं विचारलं. "नाव तुझं आहे ना. मग तुझं काय होणार?"

"माझं काय व्हायचंय. बिनझाडाची मी तुझ्या आजोबांच्या आधीपासून आहे. मला सवय आहे." ती वळली आणि जिन्याकडे चालायला लागली, ताठ, आणि तिसऱ्या पायरीवर बसली. मागे यंत्र सुरू झालं. लाकूड कापतानाचा आवाज आगीच्या आवाजासारखा नसतो. तिनं कान देऊन ऐकलं, नसतो. फांद्या आधी गेल्या, मग वरचा बुंधा. रस्त्यावर ऊन पडलं, एवढं ऊन की तिला डोळे मिटावे लागले. मिटल्या डोळ्यांत धूर येतो का म्हणून ती वाट बघत राहिली. पोटात गाठ सैल व्हायला लागली होती, ओळखीची, एकोणिसाव्या वर्षाची. हातातला डाव कोणीतरी काढून घेत होतं.

"कोंबडी त्याच्याकडे नाही, मी विचारलं," सेर पॉ म्हणाली. "तो म्हणाला सॉरी. मग आता डाव आपटायचा ना? किती वेळा?"

"आजारी माणसानं नसतो आपटायचा."

"मला बरं वाटतंय." आणि तिचा हात मू सेच्या मनगटाला लागला तेव्हा तो खरोखरच ओला होता, घामानं, गार. तिनं पांघरूण खांद्यावर टाकलं, खालच्या पायरीवर उतरली आणि लाकडावर डाव आपटला. एक. दोन. तीन. भुसा करणाऱ्या यंत्रापुढे तो आवाज म्हणजे मुंगीचं पाऊल. "प्रर्र, क्ला, ये," ती म्हणाली, जशी कोंबड्यांना बोलवायला शिकली होती तशी, आणि पुढचे शब्द तिला येत नव्हते, म्हणून तिनं इंग्रजीत काहीतरी जोडलं, मग पुन्हा कॅरेनमध्ये: "मू सेचा क्ला, ये. झाडावर राहू नको. झाड नाही आता. भात आहे. अंबाडी आहे. जिना इकडे आहे." मग तिनं मान वर करून स्वयंपाकघराच्या उघड्या खिडकीकडे बघून विचारलं, अगदी मोठ्यानं, "आला का?"

ज्याचा क्ला त्यानं उत्तर द्यायचं नसतं. मू सेनं ओठ दाबून धरले. वर ख्री एहचा कामाचा आवाज चालू होता, सपाट, इंग्रजी. पोरीनं पुन्हा डाव आपटला. "आला का?" वरचा आवाज थांबला. मू सेला तो थांबलेला आवाज मानेवर जाणवत होता. खिडकीत सुनेचं तोंड आलं असणार, कानाला यंत्र. खाली सासू जिन्यात बसलेली, पोरगी पांघरुणात, पायरीवर नारिंगी बाटली आणि रस्त्याकडेला झाडाच्या जागी नुसतं आभाळ. डबा, टरफलं, कापूस, सगळं तिला आता एका नजरेत दिसत असणार. दुभाषी होती ती, अर्ध्या वाक्यावरून पुढचं ओळखणारी. मू से वर बघेना. ख्री एह फोनवर इंग्रजीत म्हणाली, एक मिनिट.

"आला," ख्री एह म्हणाली. कॅरेनमध्ये, पूर्ण, काही न गाळता. "सगळे आले. सदतीस. पायांना भुसा लागलाय, पुसून आत या म्हणावं. आणि मो, तुम्हीही या. गोळ्यांबद्दल बोलायचंय."